शेवटच्या माणसाचा हात

ऐकायचे असेल, ओजस, तर मध्ये हसायचे नाही. कर्नल चंद्रप्रकाश परब माझ्या निकटच्या परिचयाचे. गिरणी कामगाराचा हा मुलगा स्वतःच्या हिमतीवर कमांडो पथकाचा प्रमुख झाला आणि शौर्यपदक घेऊन निवृत्तीनंतर विक्रोळीस स्थायिक झाला.

गेल्या वैशाखातली अमावास्या. दुसऱ्या दिवशी परबांचा सत्कार होता. पथकातल्या एका मृत जवानाचे वडील काशीराम व्यासपीठावर बसले म्हणजे त्या मृत्यूबद्दलची जुनी कुजबुज मिटेल, या हेतूने परब तिन्हीसांजेस घाटकोपरच्या चाळीत आमंत्रण घेऊन गेले. काशीरामांचा मुलगा दशरथ परबांच्याच पथकात होता. एका मोहिमेवरून तो परतलाच नव्हता.

पथकाची एक रीत होती. अंधारात रांगेने चालायचे, बोलायचे नाही. शेवटच्याने पुढच्याच्या खांद्यावर हात दाबायचा. तो दाब खांद्याखांद्याने प्रमुखापर्यंत पोचला, की सारे आहेत असे समजायचे. नाही पोचला, तर थांबायचे. तांबड्या मातीच्या जंगलातल्या त्या मोहिमेत रांगेत शेवटचा दशरथ होता.

काशीरामांनी पाणीसुद्धा विचारले नाही.

"माझो झील हुकूम मोडून मागे रवलो, असा तुमी लिवन दिल्यात. हात इलो हुतो?"

"आला होता," परब म्हणाले.

"मगे उद्या येतंय. जावा, साहेब. मागसून कोण येता, ता तेवडा बघा."

परब सवयीप्रमाणे पायीच निघाले. महामार्ग सोडून खारफुटीकडच्या रस्त्याला लागले, तेव्हा काळोख दाटला होता. दिवे बंद.

मागे पावले वाजली. एकट्याची नव्हेत. रांगेची.

ते थांबले. पावले थांबली.

ते चालू लागले...

दूर, कापडावर हात पडल्याचा आवाज. मग जरा अलीकडे. आणखी अलीकडे. कुणी बोलत नव्हते...

मग त्यांच्या डाव्या खांद्यावर. घट्ट.

ते माझ्या दाराशी आले, तेव्हा ओठ पांढरे पडले होते. माझ्यासमोर त्यांनी काशीरामांना फोन लावला. म्हणाले, "त्या रात्री हात आला नव्हता. मी थांबलो नाही. दशरथवर ठपका मी खोटा ठेवला."



पलीकडून काशीराम इतकेच म्हणाले, "इलो मां?"

सत्कार झाला नाही. त्या रात्रीचा त्यांचा पांढरा सदरा मी स्वतः पाहिला आहे. डाव्या खांद्यावर मातीची पाच बोटे उमटली होती.

आपल्या खाडीचा चिखल काळा असतो, ओजस. ती माती तांबडी होती.