शेवरीचे एकतीस तास

२०६८ साली शेवरी नदी बारमाही राहिली नव्हती. हवा तापली की तिच्यात वाफ जास्त मावते. मग ढग महिनोन्महिने हुलकावणी देतात आणि ओतायला लागले की आवरत नाहीत. वर्षात दोनदा ती यायची, बस्स.

पहिल्या पावसानं धरण काठोकाठ भरलं. परवा जलपूजन होतं, भरल्या धरणाची खणानारळानं ओटी भरायची. आणि पुढच्या महिन्यात बदली होऊन जाणारी धरणाची अभियंता शर्वाणी कुंभोजकर म्हणत होती, निम्मं पाणी आजच सोडायचं. गाव धरणाचे दरवाजे चालवायच्या खोलीपुढे ठाण मांडून बसलं.

"मॅडम, आभाळात ढग नाही," सरपंच प्रशांतनाना खरमाटे म्हणाले.

"समुद्रावर आहेत नाना. शिवाय मुरमान शून्यावर आलंय."

मुरमान म्हणजे माती अजून किती पाणी मुरवेल त्याचं माप. डोंगरात पुरलेल्या चार हजार संवेदक काड्या ते कळवत. कोरडी माती निम्मा पाऊस पिते. आता ती तृप्त होती. पडेल तो सगळा थेट धरणात येणार, आणि भरलेलं धरण तो खालच्या शहरावर ढकलणार.

"आणि नाही पडला तर?"

"तर नऊ लाख माणसं उन्हाळ्यात तहानेनं तडफडतील. तोंड दाखवायला मला जागा उरणार नाही."

"रिकाम्या धरणाची ओटी भरायची कशी?"

"लेक बाळंतपणाला यायची म्हटल्यावर आधी खोली रिकामी करतो ना आपण?"

 नाना धोतर झटकून उठले, तसे बाकीचेही उठले.

दोन दिवस पाणी गेलं आणि आभाळ लख्ख राहिलं. शर्वाणी तासातासाला समुद्रावरचे ढग तपासत राहिली. तिसऱ्या सकाळी पाऊस कोसळला तो एकतीस तास थांबला नाही. धरण भरलं, वीतभर जागा राखून. खालच्या शहरात एक उंबरा भिजला नाही. हलगी कडाडली, नानांनी राहिलेली ओटी भरली. शर्वाणी हसत होती, रडतही होती. जिंकली होती बाई!

"पुढच्या वर्षी?" नानांनी विचारलं.

"हेच. कदाचित एवढाच पाऊस याहून कमी तासांत."

"आकडे यंत्र देतं. पण 'सोडा' म्हणायला छातीचं माणूस लागतं."

संध्याकाळी ती घरी आली, तर दाराशी नानांचे दोन गडी बसलेले. शर्वाणीनं नानांना फोन लावून विचारलं, हा पहारा कशाला?

"पहारा नाही मॅडम, काळजी," नाना मायेनं म्हणाले. "तुमची बदलीही रद्द करून घेतलीय."