सम्यक शेवटी वाजवतो

"पाच वाजता सम्यकला बँडमधून काढणार! मॅडम, काहीतरी करा," प्रेम खुर्चीत बसायलाही तयार नव्हता.

खासगी गुप्तहेर प्राची सुर्वेच्या कल्याणच्या ऑफिसात आलेला हा प्रेम म्हणजे 'कातळ' या गाजलेल्या रॉक बँडचा ड्रमवाला. बँडमध्ये माणसं तीनच. गायक-गिटारिस्ट ऋतुराजची पोस्टरं ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंत लागलेली. बेस गिटार, म्हणजे गाण्याखालचे जाड, खर्जातले सूर वाजवणाऱ्या सम्यकला मात्र त्याच्या विठ्ठलवाडीतही कुणी ओळखत नसे.

"नवं गाणं सोमवारी कुणीतरी परस्पर इंटरनेटवर टाकलं," प्रेम म्हणाला. "पूर्ण गाण्याची कॉपी आमच्या तिघांत फक्त सम्यककडे होती, म्हणून ऋतुराज म्हणतो चोर तोच. अहो, गाणं सम्यकनेच बांधलंय! पहिल्यांदा त्याचं नाव लागणार होतं."

"तू ऐकलंस ते?"

"मोबाइलवर. आपलंच आहे."

प्राचीने लगेच फोनवर लावलं. तिचे सहायक गुणाजी, निवृत्त हवालदार, मान डोलावत म्हणाले, "झकास!" तक्रारीत ज्याचं नाव तोच गुन्हेगार, यावर त्यांची तीस वर्षं नोकरी झाली होती.

पत्रीपुलावर रिक्षा अडकली. प्राची दर मिनिटाला घड्याळ बघत होती. डोंबिवलीच्या स्टुडिओत पोचायला चार वाजले.

रेकॉर्डिंग करणारा रतन वैतागलेला होता. "शुक्रवारी ऋतुराज गायला आणि आपला आवाज ऐकायला कॉपी घेऊन गेला. रविवारी सम्यकने वाजवलं, मी गाणं पूर्ण केलं, ती कॉपी त्याला दिली. प्रेमने मागितलीच नाही."

"सम्यक गायकाच्या नंतर वाजवतो?"

"बाकी बँडांतले बेसवाले गायकाच्या आधी वाजवतात. हा शब्द ऐकल्याशिवाय हात लावत नाही."

"इंटरनेटवरचं ऐकलंस?"

"फोनवर दोन ओळी. डोकं फिरलं, बंद केलं."

ऋतुराज आतल्या खोलीत होता. "मी हेडफोन लावून तीनदा ऐकलंय. पूर्ण गाणं आहे, काही म्हणजे काही कमी नाही. विषय संपला."

सम्यक जिन्यात बसला होता.

"तू टाकलंस?"

"नाही."

"गाणं ऐकलंस?"

"ऐकलं." एवढं बोलून तो पुन्हा गप्प.

"निर्दोष माणूस एवढा गप्प बसतो होय?" गुणाजी कुजबुजले. प्राची पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालत राहिली. पावणेपाचला ती थांबली आणि तिने सगळ्यांना बोलावलं.

"रतन, मोठ्या स्पीकरवर लाव. आधी रविवारचं, मग इंटरनेटवरचं."

पहिलं गाणं पायाखालच्या फरशीतून अंगात चढलं. दुसऱ्यात तोच आवाज, तेच ड्रम, तीच गिटार. पण बूड नसलेल्या डब्यासारखं पोकळ.

प्रेम ताडकन उठला. "बेस कुठंय?"

"नाहीच," प्राची म्हणाली. "मोबाइलवर बेस फारसा ऐकू येत नाही, तिथे आपण फसलो. हे शुक्रवारचं गाणं आहे, सम्यकने वाजवण्याआधीचं. त्याला अडकवायला रविवारची कॉपी टाकायला हवी होती. ही चूक रतन करणार नाही, त्याला फरक माहीत आहे. सम्यक तर नाहीच. प्रेमकडे कॉपीच नव्हती. शुक्रवारची कॉपी नेली एकाने, आणि हेडफोन लावून तीनदा ऐकूनही त्याला काही कमी वाटलं नाही. ऋतुराज, तुझा आवाज भरला की गाणं पूर्ण, अशीच तुझी समजूत ना?"

"माझ्या बँडच्या गाण्यावर याचं नाव?" ऋतुराज ओरडला आणि मग आपण काय बोलून बसलो ते त्याला कळलं. गुणाजींनी खाली मान घातली.

"नाव लागणार," प्रेम म्हणाला. "जायचं तर तू जा."

दार आपटून ऋतुराज गेला. प्रेम सम्यकजवळ जाऊन बसला.

"बेस नाही हे तुला कधी कळलं रे?"

"सोमवारी. पहिल्याच ओळीला."

"मग तीन दिवस बोलला का नाहीस, येड्या?"

सम्यकने पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"म्हटलं बघू, तुमच्यापैकी कुणाला कळतंय का."