पाच फूट दहा

महाडच्या बाजारपेठेतली अर्धी ओढलेली शटरं माझ्यासाठी बनवलेली नाहीत. त्या गुरुवारी पावसातून धावत मी एका फोटो स्टुडिओच्या आडोशाला शिरले आणि डोकं शटरवर असं आपटलं, की आतला मुलगा हातातला चहा तसाच टाकून बाहेर आला.

"लागलं का?" त्याने विचारलं. मग मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. "उंची किती हो तुमची?"

"पाच फूट दहा."

"माझी पाच आठ."

"मी विचारली नव्हती."

तो हसला. मला राग आला, आणि त्याचं हसणं छान आहे हे लक्षात आल्यावर आणखीच आला.

त्याचं नाव स्वराज. मी अनुपमा, पोलादपूरची. मला जायचं होतं दुसऱ्याच स्टुडिओत, पण टेंगूळ घेऊन आणखी भटकायची इच्छा उरली नव्हती. अंधेरीच्या एका मॉडेलिंग एजन्सीने माझी उंची ऐकून पोर्टफोलिओ मागवला होता. फोटो शनिवारी दुपारपर्यंत पोचायला हवे होते, आणि त्याच दिवशी संध्याकाळी सहापर्यंत ते उत्तर कळवणार होते. बोलावणं आलं नाही, तर सोमवारी मी एमआयडीसीतल्या कंपनीत कामावर रुजू होणार, असं आईला कबूल केलं होतं. "एकदा करून बघ गो," आई म्हणाली होती, "पन मग पुन्ना नाव काढायचं नाय."

स्वराजने दोन तास फोटो काढले. हनुवटी खाली घ्यायची असली की तो माझ्या हनुवटीला हात न लावता स्वतःची खाली करून दाखवायचा. मला सारखं हसू येत होतं... आणि तो म्हणायचा, हे नको, मघाचं हसा.

शुक्रवारी फोटो पाहिले आणि माझं हसू गेलं. अर्ध्या फोटोंत मी स्टुलावर बसलेली. उरलेल्या अर्ध्यांत मी उभी होते, पण तो स्वतः स्टुलावर चढलेला! वरून काढलेल्या त्या फोटोंत मी जेमतेम सव्वापाच फूट दिसत होते. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

"माझी उंची कुठे गेली?" मी विचारलं.

त्याने जीभ चावली. मग खाली बघत सांगितलं ते असं. त्याच्याकडे उंच मुली येतात त्या स्थळासाठी फोटो काढायला, आईबरोबर. आई हळूच म्हणते, पोरीची उंची दिसू देऊ नका हो. त्याच्या वडिलांपासून हीच रीत. उंच मुलगी आत आली, की स्टूल पुढे येतं. माझ्या वेळी हात सवयीनेच तिकडे गेला होता.

मलाही दोन स्थळांनी उंचीपायीच नाकारलं होतं. ज्या एका गोष्टीसाठी मुंबईने मला विचारलं, तीच या माणसाने गुपचूप लपवून ठेवली होती. मी त्याला खूप बोलले.

"उद्या सकाळी सहाला कशेडीच्या जुन्या रस्त्यावर या," एवढंच तो म्हणाला. "बोगदा झाल्यापासून तिथे गाड्या कमी असतात."

आईने बरोबर यायचा हट्ट धरला. घाटात धुकं होतं, मधूनच भुरभुर पाऊस. आई छत्री घेऊन कठड्याशी उभी राहिली. स्वराजने कॅमेरा काढला, आणि सरळ ओल्या डांबरावर पालथा पडला.

"झोपला कशाला हा रस्त्यात?" आईने मला विचारलं.

"चाल," तो खालून म्हणाला. तुम्हीचं तू कधी झालं, त्यालाही कळलं नसावं. "नुसती चाल माझ्याकडे. खांदे पाडू नकोस."

शाळेपासून मी खांदे पाडूनच चालत आले होते. वर्गाच्या फोटोत शेवटच्या रांगेत, लग्नात खांबामागे. त्या सकाळी पहिल्यांदा सरळ चालले आणि मला फार बरं वाटलं. कॅमेऱ्यापाशी पोचले तरी क्लिक ऐकू येईना.

"काढ ना..."

"हं — काढतो," तो म्हणाला, आणि मला परत मागे जायला लावलं.

फोटो जड होते, म्हणून दुपारी त्याच्याच मेलवरून पाठवले. आई बाजारातून परस्पर घरी गेली. मी स्टुडिओत थांबले. बसवत नव्हतं. उठायचे, दारापर्यंत जायचे, परत यायचे. गंमत म्हणजे उत्तर यावं असंही वाटत होतं, आणि येऊ नये असंही. स्वराजने चहा आणला. थोड्या वेळाने दुसरा आणला. त्याची नजर सारखी घड्याळाकडे जात होती.

सव्वापाच वाजले आणि मला राहवेना.

"स्वराज, उत्तर यायच्या आत एक सांगते. मला तू आवडतोस. नकार आल्यावर सांगितलं, तर तुला वाटेल मुंबईने घेतलं नाही म्हणून इकडे वळली. म्हणून आत्ताच."

तो कानाची पाळी चोळत म्हणाला, "उत्तर आलंय."

"कधी?"

"साडेचारला. सोमवारी अकरा वाजता बोलावलंय तुला."

"आणि तू मला दोन चहा पाजलेस?"

"सांगितलं असतं तर तू लगेच निघाली असतीस," तो म्हणाला. "चुकलंच माझं. पण मलाही तू... आवडतेस, अनुपमा. फार. तू जायलाच हवं, हेही कळतंय. फक्त आणखी थोडा वेळ बसावीस, असं वाटत होतं."

मला रागवायला हवं होतं. साडेपाचची पोलादपूरची एसटी गाठायची होती, आईला सांगायचं होतं, कपडे बघायचे होते, सोमवार तर परवावरच आला होता. सगळं आठवत होतं, आणि मी उठले नाही.