पुलावरून बोलणारा

हसायचं नाही, पोरांनो. ही आमच्या साडूंची गोष्ट. हयात आहेत, जाऊन विचारा. सांगणार नाहीत.

साडू हौशी रेडिओवाले. वादळात फोन बंद पडले की ही मंडळी स्वतःच्या बिनतारी सेटवरून पाणी कुठं चढलं, झाड कुठं पडलं ते कळवतात. फुकट आणि मनापासून. साडू नुसतेच फुकट. जाकिटावर बिल्ले छातीभर, काम मात्र उंटावरून शेळ्या हाकायचं.

गेल्या वर्षीच्या वादळाची दुसरी रात्र. कंट्रोल रूममधल्या बाईंनी सेटवरून त्यांना नदीच्या पुलावर जाऊन पाणी बघायला सांगितलं. "निघालोच!" म्हणाले, आणि सोफ्यावर पाय पसरले.

"अहो, जाताय ना?" मेहुणीनं विचारलं.

"पुलाला काय धाड भरलीय? तू चहा टाक."

नऊच्या सुमारास बाई म्हणाल्या, "पुलावरून अँब्युलन्स न्यायचीय, आत पेशंट आहे. पोचलात?"

"पुलावरच उभा आहे," साडू म्हणाले. वर खोटी धापही टाकली, नाटक्यानं. "पाणी बरंच खाली आहे. खुशाल पाठवा."

बटण सोडलं. नुसती खरखर...

मग आवाज आला.

"पाठवू नका."

"कोण बोलतंय?" बाई दचकल्या.

"मीच... पुलावरून. कठडा धरलाय. पाणी कमरेला लागलंय..."

साडूंचाच आवाज. तोच गेंगाणा सूर. फक्त धाप खरी.

मेहुणी नवऱ्याच्या ओठांकडे बघत होती. ओठ मिटलेले. माइक मांडीवर पडलेला.

"गाडी थांबवली," बाई ओरडल्या. "तुम्ही मागे फिरा! ऐकताय ना?"

खरखर.

"आता..."

पुढं काही नाही.

मेहुणीनं हाक मारली. साडू बोलले नाहीत. हललेही नाहीत. उजाडेपर्यंत.

सकाळी कळलं, पुलाचा मधला भाग वाहून गेला होता. अँब्युलन्स पुलाच्या अलीकडेच थांबलेली, आतली माणसं सुखरूप. रेडिओवाल्यांच्या क्लबानं साडूंचं तोंडभरून कौतुक केलं. आणि या गृहस्थानं ते निमूट घेतलं! लाज कशाशी खातात, ते ठाऊक असेल तर ना.

फक्त हात खिशातून काढले नाहीत. त्या रात्री घराचा उंबरा न ओलांडलेल्या माणसाच्या दोन्ही तळव्यांवर गंज होता. आडवा, गजाच्या रुंदीचा पट्टा. मेहुणीनं साबणानं घासला, राखेनं घासला, शेवटी रडत रडत घासला.

अजून आहे.