पाच नखांचा ड्रॅगन

"वटवाघूळ आणि शुभ? काहीतरीच काय ताई!" कुणाल हसून हसून खुर्चीवरून पडायचाच बाकी राहिला. "आमच्या नाशकात घरात वटवाघूळ शिरलं ना, तर आजी केरसुणी घेऊन मागे लागते!"

"हसू नकोस, डिंक लाव," वैदेही म्हणाली. "चिनी भाषेत वटवाघळाला 'फू' म्हणतात आणि सुखसमृद्धीलाही 'फू'च म्हणतात. म्हणून ते शुभ. आईनंच लिहून दिलंय."

वैदेही तेरा वर्षांची होती. तिची आई, देवयानी, बनारसच्या विद्यापीठात चिनी भाषा शिकवायची. दिवाळीच्या सुट्टीत ब्रह्माघाटाजवळच्या एका वाचनालयात तिनं चिनी संस्कृतीतल्या चिन्हांचं प्रदर्शन भरवलं होतं. लाल कंदील, शुभगाठी, जोडसुखाचं अक्षर, फिनिक्स पक्षी असं बरंच काही होतं. चार वाजता उद्घाटन होतं. आई सारनाथला गेली होती, तिथल्या मठातल्या लामाजींना आणायला. तोपर्यंत माहितीच्या पट्ट्या चिकटवायचं काम वैदेही, तिचा दहा वर्षांचा भाऊ निनाद आणि नाशिकहून आलेला मामेभाऊ कुणाल यांच्याकडे होतं.

"ताई," काचपेटीला नाक लावून उभा असलेला निनाद म्हणाला, "ड्रॅगनच्या प्रत्येक पंजाचं एक नख गायब झालंय."

पेटीत पिवळ्या रेशमावर विणलेला निळा ड्रॅगन होता. हेच प्रदर्शनातलं सगळ्यात मोलाचं कापड. दीडशे वर्षांपूर्वी ते चीनमधून तिबेटात गेलं आणि तिथून पुढे सारनाथच्या मठात आलं होतं. मठाबाहेर ते पहिल्यांदाच निघालं होतं, आणि त्याच्या पावतीवर आईची सही होती.

"तुला मोजता येत नाही," कुणाल म्हणाला.

"येतं! काल आईनं कापड उघडलं तेव्हा मी चित्र काढलं होतं. हे बघ!" निनादनं चित्रकलेची वही पुढे धरली. प्रत्येक पंजाला पाच नखं होती. काचेतल्या ड्रॅगनला मात्र चारच!

वैदेहीनं तीनदा मोजलं. आई काल म्हणाली होती ते तिला नीट आठवत होतं. पाच नखांचा ड्रॅगन फक्त सम्राटाचा. सरदार-दरकदारांना चारच नखं चालायची.

"कालचे फोटो काढ," ती म्हणाली.

कुणालनं फोन काढला. चौदा फोटो होते. चौदाही फोटोंत कुणाल दात दाखवत हसत होता आणि पंजे नेमके त्याच्या डोक्यामागे लपले होते.

"अरे, एक तरी फोटो तुझ्या डोक्याशिवाय काढायचास!"

"मला काय माहीत, ड्रॅगन नखं पाडतो म्हणून?"

तेवढ्यात रत्नाकरकाका आत आले. ते वाचनालयाचे चिटणीस. प्रदर्शनाची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे होती. कानाला फोन, हातात हारांची पिशवी.

"काका, हे कापड बदललंय!" वैदेही म्हणाली.

"काय बदलणार? मीच लावलंय सकाळी."

"पण काका, याची नक्कलही विणली होती ना? विणकर इद्रीस चाचांनी?"

"हो, मठाच्या पोथ्यांना वेष्टणं शिवायची आहेत. ती गेली सकाळीच मदनपुऱ्याला, शफीक मास्टरांकडे. आज कापून शिवायला घेणार आहेत."

"कोणतं कापड कोणतं, ते तुम्ही कसं ओळखलंत?"

"दोन्ही गाठोडी इथंच होती, वर चिठ्ठ्या होत्या की!" काका जरा घुटमळले. "म्हणजे... पंख्यानं उडाल्या होत्या. मी परत लावल्या. अगं, दोन्ही सारखीच दिसतात! आणि आता मला पिडू नका. पाहुणे यायचेत, माईक बोलत नाहीये." फोनवर बोलत ते निघूनही गेले.

वैदेहीनं पुन्हा पेटीकडे पाहिलं. खरं कापड काचेत नव्हतं, तर ते शिंप्याच्या टेबलावर होतं! तिनं आईला फोन लावला. आई मठात होती, फोन उचलत नव्हती. मग तिनं इद्रीस चाचांना लावला. त्यांच्या हातमागावर ती लहानपणापासून जात होती.

"चाचा, आपने ड्रैगन के कितने नाखून बुने?"

"चार, बिटिया. हमारे यहाँ दादा के ज़माने से चार ही बुनते हैं. पाँच वाला बादशाह का. काहे?"

वैदेहीनं काय घडलं ते सांगितलं. "शफीक का फ़ोन दुकान में पड़ा रहता है, उठाता नहीं," चाचा म्हणाले. "तुम लोग दौड़ो! मैं पीलीकोठी में हूँ, मुझे घंटा लगेगा."

"पण आपण चुकलो असलो तर?" धावता धावता कुणालनं विचारलं.

तोच विचार वैदेहीच्याही मनात होता. चुकलो तर सगळे हसतील. पण बरोबर असलो आणि गेलोच नाही तर? "तर हसतील," ती म्हणाली. "चल!"

गल्लीच्या तोंडाशी एक टोटोवाला, म्हणजे बॅटरीवरच्या रिक्षाचा चालक, उभा होता. त्यानं हात हलवला. "गोदौलिया पूरा जाम है बबुनी. दुइ घंटा!"

"नदीवरून जाऊ!" निनाद ओरडला.

घाटावर काशीनाथ भैयांची मोटारनाव होती. निनादला पोहायला त्यांनीच शिकवलं होतं. कशासाठी जायचं ते ऐकून त्यांनी हातातला चहा तसाच पायरीवर ठेवला. "पहिले जाकिट पहनो सब जन. फिर बात."

नाव प्रवाहाच्या उलट निघाली. मणिकर्णिकेचा धूर मागे पडला. दशाश्वमेधापाशी नावांची इतकी दाटी होती की काशीनाथ भैयांना इंजिन बंद करून वल्हं मारावं लागलं. वैदेही मुठी आवळून बसली होती. अहिल्याबाई घाट गेला. पुढचे घाट कधी नव्हे इतके लांबच लांब वाटत होते. अखेर अमृतराव घाटाच्या पायऱ्यांना नाव लागली आणि तिघंही उड्या मारूनच उतरली.

शफीक मास्टरांचं दुकान वरच्या गल्लीत होतं. लांबलचक टेबलावर पिवळं रेशीम पसरलेलं होतं. त्यावर खडूच्या रेघा होत्या. आणि मास्टरांच्या हातातली कात्री कापडाच्या काठात शिरत होती!

"रुकिए!" वैदेही इतक्या जोरात किंचाळली की मास्टरांचा चष्मा नाकावर घसरला.

"क्या आफ़त है?"

"मास्टरजी, हे कापड... ये कपड़ा गलत आया है! ये डेढ़ सौ साल पुराना है!"

"बिटिया, हमारे पास पर्ची है. पर्ची पर लिखा है, काटना है. कल देना है." मास्टरांनी पुन्हा कात्री उचलली. "बच्चों के कहने पर काम रोकें?"

वैदेहीनं एकदा ड्रॅगनकडे बघितलं. पंजे मोजले. पाच. तिला एकदम धीर आला.

"हमारे कहने पर मत रुकिए," ती म्हणाली. "इद्रीस चाचा के कहने पर रुकिए." तिनं फोन लावून त्यांच्या हातात दिला.

मास्टर ऐकत राहिले. मग त्यांनी कापडाचं टोक उलटं करून खिडकीपाशी नेलं. "इद्रीस हर थान के कोने में लाल धागे की गाँठ छोड़ता है," ते स्वतःशीच म्हणाले. त्यांनी चारही कोपरे पाहिले. गाठ कुठंच नव्हती. त्यांनी कात्री टेबलाच्या खणात टाकली आणि खण बंद केला.

काठाला बोटाच्या एका पेराएवढी चीर गेली होती. ड्रॅगनला धक्काही लागला नव्हता.

मास्टर कापड मलमलीत गुंडाळून स्वतः छातीशी धरून नावेत बसले. सगळे परतले तेव्हा पावणेचार वाजले होते. दारात आई, गर्द तांबड्या वस्त्रातले वृद्ध लामाजी आणि घाम पुसणारे रत्नाकरकाका उभे होते. इद्रीस चाचांनी आईला फोन करून सगळं कळवलं होतं.

आईनं आधी कापड पाहिलं नाही, मुलांना जवळ घेतलं. मग ती चिरेवरून बोट फिरवत राहिली. तिचा चेहरा उतरला. "लामाजी, यह मेरी ज़िम्मेदारी थी," ती म्हणाली.

"नाही," रत्नाकरकाका पुढे आले. "चूक माझी. या पोरांनी मला विचारलं होतं, सांगितलंही होतं. मी ऐकलं नाही. वैदेही, मला माफ कर."

लामाजींनी चीर बघितली. "इतना तो सिल जाएगा," ते शांतपणे म्हणाले. "बच्चे न होते तो क्या सिलते?" त्यांनी गळ्यातला पांढरा रेशमी खाता, म्हणजे मानाचा शेला, काढून वैदेहीच्या गळ्यात घातला. मग त्यांनी काचपेटीत डोकावून बराच वेळ त्या दुसऱ्या ड्रॅगनकडे पाहिलं. "जिसे देखकर कोई धोखा खा गया, वह किसने बुना?"

आई पेटीवरच्या माहितीच्या पाटीकडे वळली आणि ओशाळली. पाटीवर राजवंशाचं नाव होतं, शतक होतं, मठाचं नाव होतं. विणकराचं नाव कुठंच नव्हतं. उद्घाटनाचं आमंत्रणही त्याला गेलेलं नव्हतं.

"वैदेही, मार्कर आण," ती म्हणाली. "आणि लामाजींची परवानगी असेल तर नक्कलही कापायची नाही. दोन्ही शेजारी शेजारी राहतील."

लामाजींनी मान हलवली. "पोथियों के लिए दूसरा कपड़ा देख लेंगे."

आईनं चाचांना फोन करून बोलावलं होतं, म्हणून चार वाजून गेले तरी उद्घाटन थांबवून ठेवलं होतं. सव्वाचारला इद्रीस चाचा धापा टाकत जिना चढून आले. कपड्यांवर रेशमाचे तंतू तसेच होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा कोणासाठी ते कळेना म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं.

कुणालनं त्यांचा हात धरून त्यांना पेटीपाशी नेलं. काचेवर निनादच्या वळणदार अक्षरात नाव होतं : विणकर, इद्रीस अन्सारी, बनारस.

चाचा किती तरी वेळ आपल्याच कापडासमोर उभे राहिले. मग त्यांनी वैदेहीच्या डोक्यावर हात ठेवला.

"चालीस बरस से बुन रहा हूँ, बिटिया," ते हळूच म्हणाले. "हर बार करघे से उतरा और कैंची के नीचे गया. पूरा का पूरा आज पहली बार देख रहा हूँ."