अडतीस मुलांची एकच आवड

शिक्षण खात्यातल्या साहेबांनो, तुम्ही खोटं बोललात. शाळेच्या भिंतीवर रंगवून घेतलंत, प्रत्येक मूल वेगळं, प्रत्येकाची वाट वेगळी. आणि ती वाट निवडायला वेबसाइट दिलीत ती अशी, की म्विंगी गावच्या बाजारात दर चार मिनिटांनी बंद पडते. त्या वेबसाइटपायी कुणाचं काय गेलं ते आता ऐकून घ्या.

स्योंबुआ पहिल्यांदा क्यालोच्या सायबर कॅफेत शिरली तेव्हा तिच्या केसांत लाल धूळ होती. कावेलूच्या शाळेत नववीला शिकवणारी, कंत्राटावरची. मोबाइल टेबलावर ठेवून म्हणाली, "मुलांच्या कामाचे फोटो आहेत. आजच वेबसाइटवर चढवायचेत."

क्यालो फोटो सरकवत एका बुजगावण्यापाशी थांबला.

"हे बुजगावणं मी या आठवड्यात तीन शाळांसाठी चढवलंय, मॅडम."

"नीट बघा. त्याच्या अंगात माझा ब्लाउज आहे."

त्याने नीट बघितलं. "शोभतोय त्याला. पण तुम्हाला…"

"मला काय?"

"तुम्हाला जास्त…" त्याचं बोट भलत्याच बटणावर पडलं आणि प्रिंटरने एक कोरा कागद बाहेर टाकला. गरम, कोरा. स्योंबुआने तो उचलून पर्समध्ये ठेवला. का, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

मग दर बुधवारी, बाजाराच्या दिवशी, पंख्याखालची खुर्ची तिची झाली. ताटलीखाली झाकलेला गोड, तळलेला मांदाझी तिचा झाला. ती एक निळी वही घेऊन यायची. दहावीपासून मुलांना तीन वाटा होत्या: विज्ञान, समाजशास्त्र, आणि कला-खेळ मिळून तिसरी. एकेका मुलाला बाभळीखाली अर्धा-अर्धा तास बसवून तिने वही भरली होती. त्यात मुतेउ होती. ती पोरगी चाकूने रेडिओ उघडायची, आणि तिने झाकण परत लावलं की मेलेला रेडिओ बोलायला लागायचा. तिच्या नावापुढे स्योंबुआने लिहिलं होतं, 'विज्ञान', आणि खाली दोन रेघा.

"माझीपण नोंद घ्या की," क्यालो म्हणाला. "वय सव्वीस. आवड…"

"आवड काय?"

"बुधवार."

तिने वहीच्या शेवटच्या पानावर खरंच लिहिलं: 'अभ्यासात लक्ष नाही. पालकांना भेटायला बोलवावे.'

निवडी भरायच्या शेवटच्या दिवशी रांग दारापर्यंत गेली होती. संध्याकाळी पाचला निवडी घेणं कायमचं बंद होणार होतं आणि सकाळपासून वेबसाइट उघडलीच नव्हती. दुपारी हेडमास्तरांचा फोन आला: साहेब तपासणीला आलेत, तुमचा तास बघायचाय, असाल तशा या. स्योंबुआने निळी वही क्यालोच्या हातात दिली.

"एकेक नाव बघून भरा. घाई करू नका."

"तू जा," तो म्हणाला. पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. "मी आहे ना."

सव्वापाचला त्याचा फोन आला. "भरली. अडतीसच्या अडतीस." ती फोनवरच हसली, वर्गाच्या दारात, खडूच्या हातांनी.

चार महिन्यांनी, एका बुधवारी, त्याने टेबलाखाली तिची बोटं धरली. "पुढच्या महिन्यात काकांना घेऊन तुझ्या घरी मागणी घालायला येतो. तीन बकऱ्यांसकट."

"बकऱ्यांना विचारलंस?"

"त्या तयार आहेत. तुझं सांग."

"ये," ती म्हणाली.

बकऱ्या निघायला तीन दिवस राहिले असताना मुलांना दहावीची शाळा आणि वाट मिळाल्याचे कागद आले. मुतेउ कागद घेऊन दारात उभी राहिली. "टीचर, मी समाजशास्त्र मागितलं नव्हतं."

बाकीचे सदतीस कागदही तेच सांगत होते.

स्योंबुआ ते कागद घेऊन आली, तसं क्यालोने तिला बघितलं आणि सायबरचं दार आतून लावलं.

"वेबसाइट उघडली तेव्हा पाचला अकरा मिनिटं होती. नऊ नावं भरली आणि ती पडली, नऊही पुसली गेली. मग पहिल्या मुलाचं भरलं आणि… खाली ओढलं. सगळ्या रकान्यांत तेच. सगळे सायबरवाले असंच करतात, मॅडम."

"मॅडम म्हणू नकोस."

"रकाने रिकामे राहिले असते तर तुझं कंत्राट गेलं असतं."

"गेलं असतं. मला सांगायचं होतंस."

"तू हसलीस ना फोनवर. त्यानंतर रोज ठरवायचो, आज सांगू… मला तू हवी होतीस, स्योंबुआ."

"मलाही तू हवा होतास," ती म्हणाली. "मुतेउला काय हवं होतं, ते तुझ्या हातातल्या वहीत लिहिलं होतं."

तो सात वेळा वेबसाइटमध्ये शिरला. सातही वेळा एकच ओळ: विद्यार्थ्याची निवड नोंदवली आहे, बदल होणार नाही. तिने वही उचलली, पदराने डोळे पुसावेत तसे बाहीने पुसले आणि म्हणाली, "बकऱ्या आणू नकोस."

त्याला माफ करायचं की नाही, ते तिचं ती बघेल. त्याने केलं ते चूकच, आणि तो ते कबूल करून बसलाय. तुमचं काय? एका शाळेतल्या अडतीस मुलांची आवड एका मिनिटात एकच झाली, तेव्हा तुमच्या कचेरीत एकाही माणसाला शंका का आली नाही? अकरा मिनिटांत अडतीस आयुष्यं कशी निवडायची, हे तुम्ही कुणाला शिकवलं होतं? मुतेउच्या घरी पत्र पाठवा. 'विद्यार्थ्याची निवड' म्हणजे कुणाची निवड, ते त्यात लिहा. तारीख घाला, आणि खाली सही करा.