जाहिरात कशाची होती?

माणसाच्या हृदयाला हात घालायला तीस सेकंद पुरेसे असतात.

हा सिद्धांत विक्रांत देवस्थळी याने इंदूरच्या तुकोगंजमधल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, चौदा प्रेक्षकांसमोर, छातीवर हात ठेवून मांडला. मग दिवे मालवले, त्याने लिहिलेली जाहिरात पडद्यावर तीस सेकंद चालली आणि दिवे पुन्हा लागले. पहिल्या रांगेतल्या स्मिताकाकूंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि आपुलकीने विचारलं, "ही चालू केव्हा होईल, भिया?"

मागे दारापाशी, कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा घेऊन संहिता उभी होती. विक्रांतने मदतीसाठी तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. हसू नव्हतं, कीव नव्हती, साधं 'अरेरे'सुद्धा नव्हतं. बँकेच्या बंद खिडकीसारखा चेहरा. तो त्याला आवडला, पण हे त्याला त्या दिवशी कळलं नाही. छातीत काहीतरी झालं ते ॲसिडिटी असावी, असं समजून त्याने गोळी घेतली.

संहिताचं काम साधं होतं. टीव्हीवर जाण्याआधी जाहिराती चार सामान्य माणसांना दाखवायच्या, त्यांना दहा मिनिटं पोहे खाऊ द्यायचे आणि मग एकेकाला टेबलाशी बोलावून एकच प्रश्न विचारायचा — जाहिरात कशाची होती? सात वर्षं ती हेच विचारत होती. विचारताना चेहरा कोरा ठेवायचा, हा या कामातला पहिला नियम. इंदुरात तो फारच जपावा लागतो, कारण इथला माणूस भिडेचा. आपण हिचे पोहे खाल्लेत, आता पोरीला वाईट वाटेल असं काही बोलू नये, म्हणून तो तिच्या भुवयांकडे बघत बघत उत्तर देतो. भुवई हलली की उत्तर बदलतो. तेव्हा संहिताने भुवया हलवणंच सोडून दिलं होतं. हळूहळू ही सवय घरीही आली. दोन मुलं तिला बघून गेली. दोघांनीही मागाहून कळवलं, की मुलगी छान आहे, पण आम्ही तिला आवडलो की नाही ते काही समजलं नाही. आईने विचारलं, आवडले होते का? संहिता म्हणाली, नाही. आई म्हणाली, मग ठीक झालं.

विक्रांतच्या जाहिरातीत धुकं होतं. धुक्यात पूल, पुलावर म्हातारा, लांबून धावत येणारी लहान मुलगी, आणि काही कारण नसताना एक पांढरा घोडा. म्हाताऱ्याच्या डोळ्यातून एक थेंब निघायचा आणि खाली पडायला सात सेकंद घ्यायचा. शेवटचे दोन सेकंद कुणीतरी कुजबुजायचं, "अविरल... काही थेंब जपायचे असतात."

जाहिरात नळाची होती. न गळणाऱ्या.

नऊ जण म्हणाले, विमा. तिघं म्हणाले, डोळ्यांचा दवाखाना. एका काकांनी सांगितलं, घोड्याची. स्मिताकाकूंचं म्हणणं, जाहिरात छानच होती, पण एवढ्या थंडीत सासऱ्याला पुलावर पाठवणारी सून कोण, ते आधी सांगा.

नळ कंपनीने साफ सांगितलं होतं. तीन चाचण्या होतील, दर वेळी नवे प्रेक्षक. एकीत तरी चौदातल्या नऊ जणांना नळ ओळखता आला पाहिजे, नाहीतर काम दुसऱ्याला. आणि हे काम गेलं, तर पुण्याच्या एजन्सीने इंदुरात उघडलेली शाखा बंद. शाखेत दोन खुर्च्या होत्या आणि एक विक्रांत. तो परत पुण्याला.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याला बरंच वाटलं होतं. तो छत्तीस वर्षांचा होता आणि दमला होता. साबण, मसाले, गाद्या, सगळ्यांसाठी त्याने माणसांना रडवलं होतं. राजवाड्यामागच्या त्याच्या खोलीत पहाटेपासून हातगाड्या खडखडायच्या. जावं परत, इथे तरी काय आहे... असं तो म्हणायचा. पहिल्या चाचणीनंतर त्याने असं म्हणणं सोडलं.

कारण त्या संध्याकाळी तो संहिताला विचारायला गेला, की माझं चुकलं कुठे. जानेवारी होता, मावठ्याची बारीक रिपरिप चालली होती. ऑफिसखालच्या चहाच्या गाडीपाशी, ताडपत्रीच्या आडोशाला, चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून तिने रस्त्याकडे बघत सगळं सांगितलं. म्हणाली, लोकांना डोकं कमी नसतं, वेळ कमी असतो. ते मटार सोलता सोलता बघतात. म्हातारा रडला की विमा, पोरगी धावली की मोबाईल, धुकं आलं की सिमेंट — हे त्यांना शिकवलं तुम्हीच लोकांनी. आता त्याच सामानातून तुम्ही नळ काढता, आणि पब्लिकला समजत नाही म्हणून परेशान होता.

"आणि खरं सांगू, विक्रांतजी? तुमच्या जाहिरातीत नळालाच यायला लाज वाटते. बारात आली, बँड आला, घोडा पण आला. दूल्हा कुठेय?"

"घोडा नळ कंपनीच्या मालकांचा आहे. त्यांचा हट्ट."

"मग दूल्ह्याला बसवा त्यावर."

तो हसला. ती नाही हसली. पण तिचे कान लाल झालेले त्याला दिसले... थंडीने असतील, असं त्याने ठरवून टाकलं.

पुढे चहा रोजचा झाला. जाहिरातीविषयी बोलण्यासारखं तीन दिवसांत संपलं, तरी चहा चालूच राहिला. ती साखर कमी सांगायची आणि त्याच्या ग्लासातला शेवटचा गोड घोट मागून घ्यायची. तो छत्री मुद्दाम एकच आणायचा. अखेर एका संध्याकाळी त्याने धीर केला. म्हणाला, काही शहरं माणसाला आपली वाटत नाहीत, मग कुठेतरी एखादा कोपरा सापडतो, त्या कोपऱ्यात एखादा दिवा असतो, आणि वाटसरू विचारात पडतो, की सामान बांधावं, की... हे सगळं साधारण तीस सेकंद चाललं.

संहिताने शांतपणे ऐकून घेतलं आणि सवयीने विचारलं, "हे कशाविषयी होतं?"

विक्रांत घाबरला. "हवामानाविषयी," तो म्हणाला.

"अच्छा," ती म्हणाली, आणि घरी जाऊन विनाकारण आईवर चिडली.

दुसऱ्या चाचणीआधी त्याने घोडा काढला. मालकांनी तो परत घातला. चौघांनी नळ ओळखला, त्यांतला एक प्लंबर होता.

तिसऱ्या चाचणीच्या सकाळी विक्रांतने तिला सांगितलं, की रविवारचं पुण्याचं तिकीट काढून ठेवलंय. उगाच शेवटच्या क्षणी धावपळ नको. संहिता "हो का" म्हणाली. मग तिने त्याला जिन्यात बसवलं, कारण पहिल्या दिवसाच्या भाषणानंतर त्याला हॉलमध्ये मनाई होती.

जाहिरात चालली. पोहे झाले. एकेक जण टेबलाशी आला. आणि चौदाच्या चौदा जणांनी सांगितलं, नळ.

जिन्यात बातमी पोचली तेव्हा विक्रांत भिंतीला डोकं टेकून बसला होता. त्याने बसल्याबसल्याच पुण्याला फोन केला. पलीकडून कुणीतरी जांभई देत अभिनंदन केलं.

आत मात्र शेवटचे गृहस्थ अजून टेबलाशीच होते. रामभाऊ त्यांचं नाव. गौतमपुऱ्याला त्यांची लसणाची शेती, लेकीकडे आले होते म्हणून लेक त्यांना इथे घेऊन आली होती. उठता उठता ते संहिताच्या जवळ सरकले. "तू सारखी तिकडे बघत होतीस, बेटा. म्हणून मी नळ म्हटलं. बरोबर बोललो ना? काही टेन्शनमध्ये दिसतेस."

तिकडे म्हणजे कोपऱ्यात. कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन होतं आणि बेसिनवर नळ होता. चौदा वेळा प्रश्न विचारताना चौदा वेळा तिचे डोळे तिकडे गेले होते, आणि पोहे खाल्लेल्या चौदा भल्या माणसांनी पोरीचं मन राखलं होतं.

हॉल रिकामा झाला. गप्प राहणं सोपं होतं. रामभाऊ संध्याकाळच्या बसने जाणार होते, बाकी कुणी काही विचारणार नव्हतं. विक्रांत राहिला असता, चहा राहिला असता. संहिताने भरलेल्या फॉर्मांचा गठ्ठा नीट लावला. मग तिने उभ्याउभ्याच अहवाल लिहिला आणि एजन्सीच्या सहीसाठी विक्रांतला आत बोलावलं.

तो हसत आला. शेरा वाचताना त्याचं हसू ओळीओळीने कमी होत गेलं.

'चाचणी क्रमांक तीन बाद धरावी. प्रश्न विचारणाऱ्या व्यक्तीच्या नजरेवरून प्रेक्षकांना उत्तर कळले. कारण : जाहिरात लिहिणाऱ्या व्यक्तीने इंदूर सोडून जाऊ नये, असे प्रश्न विचारणाऱ्या व्यक्तीस वाटते.'

शेवटची ओळ त्याने पुन्हा वाचली. मग परत एकदा.

"हे पाठवलं... तर शाखा बंद होईल," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"सात वर्षांत तुमची एकही चाचणी बाद झालेली नाही."

"तेही माहीत आहे." चेहरा कोराच होता. फक्त पेनाचं टोपण तिला लागत नव्हतं. तीनदा प्रयत्न करून झाला होता.

विक्रांतने ते पेन तिच्या हातातून घेतलं, आणि सही केली. पूर्ण नावाची, तारखेसकट. मग पेन कुठे ठेवावं ते न सुचून त्याने ते हातातच ठेवलं.

"संहिताजी, सरळ सांगतो. मला तुम्ही आवडता. रविवारी मी जात नाही. शाखा गेली तर जाऊ दे. 'हा नळ आहे, गळत नाही' एवढंच लिहून हवं असणारा एखादा दुकानदार या गावात असेलच की... त्याचं लिहीन. तुम्हाला हो म्हणायचं असेल तर हो म्हणा. नाही म्हणायचं असेल तर तेही तोंडाने म्हणा. मला तुमच्या चेहऱ्यावरून काहीही कळत नाही. आजवर कधीच कळलेलं नाही."

आणि संहिता हसली. सवय मोडलेली होती, त्यामुळे हसू एकदम आलं नाही. आधी डाव्या बाजूला आलं, तिथे जरा अडकलं, मग सगळीकडे पसरलं. डोळे भरून आले ते वेगळंच. बाहेर मावठा थांबला होता आणि वळचणीचं पाणी सावकाश ठिबकत होतं. ती एक पाऊल पुढे आली.

"विक्रांतजी..." अगदी हळू.

"बोला ना."

"सकाळपासून उभी आहे. ती खुर्ची जरा इकडे ओढाल?"